पाणी काढले, पण आले कुठून?

‘छातीत पाणी झाले आहे’ किंवा ‘पोटात पाणी भरले आहे’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘मग काढायचे कधी?’ पाणी काढले जाते. अब्बांना मोकळा श्वास घेता येतो, अम्मींच्या पोटाचा ताण उतरतो. घरात अल्लाहचे आभार मानले जातात आणि फाइल कपाटात जाते. दोन महिन्यांनी धाप पुन्हा लागते, पोट पुन्हा तटतटते, आणि मग सगळे म्हणतात, ‘सुई लावली म्हणूनच पाणी परत भरले.’

खरे तर सुईचा यात काही दोष नसतो. पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. तो प्रश्न असा: हे पाणी आले कुठून?

छातीतले किंवा पोटातले पाणी हा स्वतःहून कुठला आजार नाही. ते दुसऱ्या एखाद्या आजाराचे लक्षण आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर रंगाऱ्याला बोलावून चालत नाही. वरच्या मजल्यावरची टाकी वाहते आहे की भिंतीतला पाइप फुटला आहे, हे आधी बघावे लागते. शरीराच्या बाबतीतही तसेच आहे, आणि कारण शोधण्याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे पहिल्यांदा काढलेले तेच पाणी. ते तपासणीला न पाठवता मोरीत ओतले गेले, तर पुरावाच वाहून गेला म्हणायचे.

पाणी साठते कुठे?

आपल्या फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. एक फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या पिंजऱ्याला आतून लागलेला. दोघांमध्ये अगदी थोडे, दोन-चार छोटे चमचे पाणी असते. श्वास घेताना पडदे एकमेकांवर घासू नयेत म्हणून अल्लाहने केलेली ही सोय आहे. हृदयाभोवती आणि पोटातल्या आतड्यांभोवतीही असेच पडदे असतात. हे पाणी रोज नव्याने तयार होते आणि रोज शोषले जाते. येणे आणि जाणे यांचा तोल बिघडला की साठा वाढू लागतो.

छातीत साधारण २०० मिलिलिटर, म्हणजे कपभर पाणी झाल्यावर उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये ते दिसू लागते. सोनोग्राफीत त्याहून कमीही कळते. पोटातले पाणी नुसत्या हाताने तपासून ओळखायचे तर दीड लिटरच्या आसपास साठावे लागते. सोनोग्राफी मात्र शंभर मिलिलिटरही पकडू शकते. म्हणून ‘डॉक्टरांनी हात लावून पाहिले, काही नाही म्हणाले’ एवढ्यावर थांबू नये. पोट वाढतच असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी.

हकिमांना ठाऊक असलेला फरक

आपल्या घरांतल्या जुन्या लोकांनी ‘इस्तिस्का’ हा शब्द ऐकला असेल. मराठीत ज्याला जलोदर म्हणतात, त्यासाठी युनानी हकीम हा शब्द वापरतात. इब्न सीना (इ. स. ९८० ते १०३७) यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात आणि त्यानंतरच्या युनानी परंपरेत इस्तिस्काचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला ज़िक्की: ज़िक म्हणजे पाण्याची पखाल. पोट पाण्याने भरलेल्या पखालीसारखे होते, कूस बदलली की पाणी डुचमळते. दुसरा तब्ली: तबल म्हणजे नगारा. यात पोट वायूने फुगलेले असते आणि टिचकी मारली की वाजते. तिसरा लहमी: लहम म्हणजे मांस. यात सगळ्या अंगालाच सूज येते.

वरून तिन्ही रुग्ण ‘फुगलेले’च दिसतात. तरीही त्या काळातल्या हकिमांनी त्यांना एकच औषध दिले नाही. आत पाणी आहे की वायू, सूज पोटापुरती आहे की सर्वांगाला, हे आधी पाहिले. पुढे १७६१ साली ऑस्ट्रियातले डॉक्टर आउएनब्रुगर यांनी छातीवर बोटांनी ठोकून आतल्या पाण्याचा अंदाज घेण्याची पद्धत मांडली. आजही डॉक्टर पाठीवर बोटे ठोकतात, आणि पाणी असेल तिथे पोकळ आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. साधने बदलली, पण रीत तीच आहे: आधी ओळख, मग इलाज.

दोन प्रकारचे पाणी

डॉक्टर साठलेल्या पाण्याची पहिली विभागणी दोन गटांत करतात.

पहिल्या गटात पडदा स्वतः निरोगी असतो, पण बाहेरच्या कारणामुळे पाणी पाझरते. हृदय कमजोर झाले की रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. लिव्हर कठीण झाले की पोटातल्या शिरांमधला दाब वाढतो. किडनीतून प्रथिने वाहून गेली की रक्तात पाणी धरून ठेवणारे अल्ब्युमिन कमी पडते. तिन्ही वेळा पाणी झिरपते. ते बहुधा पातळ असते आणि त्यात प्रथिने कमी असतात. ही वरची टाकी वाहण्याची गोष्ट झाली.

दुसऱ्या गटात पडदाच आजारी असतो. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर किंवा काही वातरोग पडद्याला सूज आणतात आणि त्यातून प्रथिनांनी भरलेले पाणी सुटते. हा भिंतीतला पाइप फुटण्याचा प्रकार.

छातीच्या पाण्यासाठी हा फरक ओळखण्याचा नियम अमेरिकेतले डॉ. रिचर्ड लाइट यांनी १९७२ साली मांडला आणि तो आजही जगभर वापरला जातो. पाण्यातली प्रथिने रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त आहेत का? पाण्यातले एलडीएच रक्तातल्या एलडीएचच्या ०.६ पटीहून जास्त आहे का? किंवा ते रक्तातल्या एलडीएचच्या सामान्य वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून जास्त आहे का? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर पाणी दुसऱ्या गटातले धरतात.

यातून घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही तुलना रक्ताशी करायची असल्याने ज्या दिवशी पाणी काढले त्याच दिवशी रक्तही तपासायला जायला हवे. दुसरी गोष्ट, रुग्ण आधीपासून लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. या गोळ्यांमुळे पहिल्या गटातले पाणी तपासणीत दुसऱ्या गटातल्यासारखे दिसू शकते.

छातीतले पाणी आणि टीबीची लपवाछपवी

तरुण मुलगा किंवा मुलगी, संध्याकाळी बारीक ताप, एका बाजूला श्वास घेताना टोचणारी कळ, कोरडा खोकला, वजन उतरलेले आणि एक्स-रेत एकाच बाजूला पाणी. आपल्या देशात अशा वेळी टीबीचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

इथे एक अडचण असते. छातीच्या पडद्याच्या टीबीत पाण्यात जंतू फार थोडे असतात. म्हणून पाण्यात जंतू दिसले नाहीत किंवा सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह आली, तरी ‘टीबी नाही’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पॉझिटिव्ह आली तर मात्र निदान जवळपास पक्के. म्हणून डॉक्टर इतर खुणा जोडून पाहतात: पाण्यात लिम्फोसाइट या पेशी जास्त आहेत का, एडीए नावाचे एन्झाइम ४० किंवा त्याहून वर आहे का, थुंकीत काही सापडते का. एडीए पू झालेल्या पाण्यात आणि काही प्रकारच्या कॅन्सरमध्येही वाढते, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावर निकाल देत नाहीत. शंका उरली तर पडद्याचा लहानसा तुकडा घेऊन बायोप्सी करतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टीबीने झालेले छातीतले पाणी कित्येकदा औषधाशिवाय, आपोआप ओसरते. ताप जातो, भूक लागते, घरच्यांना वाटते बला टळली. टीबीवरची आजची औषधे नव्हती त्या काळातल्या अमेरिकी सैनिकांची पाहणी १९५५ साली प्रसिद्ध झाली. त्यात अशा रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पुढच्या काही वर्षांत टीबी पुन्हा उफाळून आल्याचे आढळले. पाणी गेले, आजार आतच राहिला. पाणी काढून मोकळे होणाऱ्या प्रत्येक घरासाठी हा इशारा आहे.

तरीही आपल्याकडे ‘टीबी’ हा शब्द दाबून टाकला जातो, विशेषतः आजारी मुलगी लग्नाची असेल तर. नातेवाइकांना ‘न्यूमोनिया झाला होता’ असे सांगितले जाते, मोहल्ल्यातल्या दवाखान्याऐवजी दूरच्या डॉक्टरकडे नेले जाते, आणि बरे वाटले की गोळ्या तिसऱ्या महिन्यात बंद होतात. काही साध्या गोष्टी माहीत असत्या तर ही वेळ आली नसती. टीबी फक्त छातीच्या पडद्याला असेल आणि फुफ्फुसात जखम नसेल, तर खोकल्यातून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता फार कमी असते. औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, आणि नोंदणी केलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसे मिळतात. ही रक्कम आधी दरमहा ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली आहे. मुलीचे भविष्य टीबीच्या नावामुळे बिघडत नाही, अर्धवट सोडलेल्या कोर्समुळे बिघडते.

पाणी गढूळ, घट्ट, दुर्गंधीयुक्त निघाले तर तो पू असतो. तिथे नुसती सुई पुरत नाही. छातीत नळी घालावी लागते आणि हे काम त्याच दिवशी व्हायला हवे. पाणी दुधासारखे पांढरे असेल तर अन्नातली चरबी वाहून नेणारी नलिका फुटल्याची शंका येते. रक्ताळलेले पाणी टीबीतही निघते, पण चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसात कॅन्सर नाही ना याची खात्री करावीच लागते. त्यासाठी पाण्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिला सायटोलॉजी म्हणतात. कॅन्सर असूनही पहिल्या नमुन्यात तो दहापैकी साधारण सहाच जणांत सापडतो. म्हणून एक रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आल्यावर डॉक्टर पुन्हा पाणी मागतात किंवा बायोप्सी सुचवतात, तेव्हा ते पैसे उकळत आहेत असे समजू नये.

पोटातले पाणी आणि लोकांच्या नजरा

पोटात पाणी म्हणजे लिव्हर खराब, आणि लिव्हर खराब म्हणजे दारू. ही समजूत इतकी पक्की आहे की ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याच्याकडेही लोक संशयाने बघतात. आपल्या समाजात तर ही नजर फारच बोचते. रुग्ण लाजेने दवाखान्यात जात नाही, बायको-मुले शेजाऱ्यांपासून तोंड लपवतात, आणि मौल्यवान महिने निघून जातात.

पोटात पाणी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण लिव्हर सिरोसिस आहे हे खरे. पण सिरोसिस दारूशिवायही होतो. हेपेटायटिस बी आणि सी हे विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप लिव्हर पोखरतात. मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारी लिव्हरमधली चरबी, म्हणजे फॅटी लिव्हर, हेही एक मोठे कारण आहे. काही तरुणांत जन्मजात दोषामुळे लिव्हरमध्ये तांबे साठते. म्हणून ‘मी पीत नाही, मला लिव्हरचा आजार होणार नाही’ हेही चूक आणि ‘याला लिव्हरचा आजार आहे, म्हणजे हा पीत असणार’ हेही चूक. दुसऱ्यात तर बदगुमानीचे पाप वेगळेच.

पोटातल्या पाण्याचा उगम शोधायला एक सोपी वजाबाकी आहे. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातले अल्ब्युमिन वजा करायचे. उत्तर १.१ ग्रॅम किंवा त्याहून जास्त आले तर पाणी शिरांमधल्या दाबामुळे आले आहे: लिव्हर किंवा हृदय. १.१ पेक्षा कमी आले तर संशय पडद्यावर जातो: टीबी, कॅन्सर, किंवा किडनीतून प्रथिने वाहून जाण्याचा आजार. ही वजाबाकी शंभरातल्या सुमारे सत्त्याण्णव वेळा बरोबर ठरते. दोन साध्या तपासण्या आणि एक वजाबाकी; तीही बऱ्याचदा होत नाही, कारण पाणी फक्त ‘आराम पडावा’ म्हणून काढलेले असते.

आणखी एक तपासणी प्राण वाचवणारी आहे. सिरोसिसच्या रुग्णाच्या पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. कधी ताप येतो, पोट दुखते. कधी नुसतेच बडबडणे, झोपाळूपणा, लघवी कमी होणे दिसते. पाण्यात संसर्गाशी लढणाऱ्या विशिष्ट पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा त्याहून जास्त सापडल्या की प्रतिजैविके लगेच सुरू करावी लागतात. म्हणून सिरोसिसचा रुग्ण पोटात पाणी घेऊन दवाखान्यात भरती झाला की दर वेळी पाण्यातल्या पेशी मोजून घ्याव्यात. ‘मागच्या वेळी तपासले होते’ हे कारण पुरेसे नाही.

निदान झाले की दारे उघडतात. हेपेटायटिस सी आज बहुतेक रुग्णांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत मिळतात. हेपेटायटिस बी सापडला तर घरातल्या सर्वांची रक्ततपासणी करून ज्यांना लागण नाही त्यांना लस देता येते. म्हणजे एका माणसाच्या पोटातल्या पाण्याने सगळ्या घराला सावध केले.

घरातल्या बायकांचे पोट

घरात सर्वांत उशिरा दवाखान्यात जाते ती घरातली बाई. ‘गॅस झाला असेल’, ‘बाळंतपणानंतर पोट सुटलेच आहे’, ‘वय झाले आता’ असे म्हणत ती महिने काढते. बुरख्यात पोट वाढलेले कोणाला दिसतही नाही. चेहरा आणि हात सुकत चालले आहेत आणि पोट मात्र वाढते आहे, सलवारचा नाडा घट्ट होतो आहे, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते आहे, लघवीला सारखे जावे लागते आहे: ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकली तर तो गॅस नाही असे समजून सोनोग्राफी करून घ्यावी. अंडाशयाचा कॅन्सर अशाच पावलांनी येतो.

पण इथेही घाईने निष्कर्ष काढू नये. पोटाचा टीबी आणि अंडाशयाचा कॅन्सर यांचे चित्र खूपदा सारखे दिसते: तेच पाणी, तशाच गाठी, तीच उतरलेली प्रकृती. इतकेच नव्हे, तर कॅन्सरसाठी केली जाणारी सीए-१२५ ही रक्ततपासणी पोटाच्या टीबीतही खूप वाढलेली येते. तो आकडा पाहून घरात रडारड सुरू होते. कॅन्सरच समजून ऑपरेशनला घेतलेल्या रुग्णाच्या पोटात प्रत्यक्षात टीबी निघाला, असे अनुभव भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी नोंदवले आहेत. म्हणून मोठे ऑपरेशन ठरवण्याआधी विचारावे: पाण्याची सायटोलॉजी आणि एडीए झाले का? दुर्बिणीतून पाहून तुकडा घेता येईल का?

लेडी डॉक्टर मिळत असेल तर तिच्याकडे जावे, सोनोग्राफीसाठीही आधी फोन करून विचारावे. मिळत नसेल तर गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला शरीअतने मुभा दिली आहे. हयेच्या नावाखाली उशीर करणे हे दीनदारीचे लक्षण नाही.

हृदयाभोवतीचे पाणी

हृदयाच्या पडद्यात पाणी झाले की ते हृदयाला बाहेरून दाबते. हळूहळू साठले तर पडदा ताणला जातो आणि लिटरभर पाणीही काही जण सहन करतात. भराभर साठले तर पाव लिटरही जिवावर बेतते. टीबी, किडनी निकामी होणे, कॅन्सर, थायरॉइड मंदावणे ही त्याची कारणे. टू-डी इको या तपासणीत ते लगेच दिसते. धाप, मानेच्या फुगलेल्या शिरा, घसरलेले ब्लडप्रेशर, गार पडलेले हातपाय एकत्र दिसले तर घरात थांबायचे नाही, थेट मोठे रुग्णालय गाठायचे. इथे मात्र आधी सुई, मग कारणाचा शोध. तरीही काढलेले पाणी तपासायचेच.

सुई कधी नको

प्रत्येक पाणी काढायचे नसते, हेही तितकेच खरे. डेंग्यूत रक्तातला द्रव वाहिन्यांतून पाझरून छातीत आणि पोटात उतरतो. हे बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास होते, म्हणून ताप गेला की धोका टळला असे मानू नये. हे पाणी दोन-तीन दिवसांत शरीर स्वतः शोषून घेते. प्लेटलेट कमी असताना सुई लावली तर रक्तस्रावाची भीती असते. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाच्या छातीत दोन्ही बाजूंना पाणी असेल, ताप नसेल, छातीत कळ नसेल, तर डॉक्टर आधी औषधे देऊन पाहतात. लहान मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसतात, लघवीला फेस येतो आणि पोट वाढते, तेव्हा लघवीतली प्रथिने तपासली तरी किडनीकडे बोट दाखवता येते.

सुईची भीती

‘एकदा सुई लागली की माणूस सुईचाच होतो’ असे म्हणणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात असतो. पाणी पुन्हा भरते ते मूळ कारण तसेच राहिले म्हणून. छातीतले पाणी काढताना रुग्णाला पुढे वाकून बसवतात, जागा बधिर करतात, सोनोग्राफीत पाहून दोन फासळ्यांमधून बारीक सुई घालतात. एका वेळी साधारण दीड लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत, कारण दबलेले फुफ्फुस एकदम फुलले तर त्याला सूज येऊ शकते. सगळे पाणी एका दिवसात काढले नाही म्हणून डॉक्टरवर नाराज होऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात.

डॉक्टरांना काय विचाराल?

अदबीने विचारलेल्या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. ही यादी कागदावर लिहून न्या.

१. आपल्याला या पाण्याचे कारण काय वाटते? हे काढायची गरज आहे का?
२. काढलेले पाणी तपासणीला जाणार का? प्रथिने, अल्ब्युमिन, पेशींची संख्या, एडीए, कल्चर आणि सायटोलॉजी यांपैकी कोणत्या तपासण्या होणार?
३. रक्ताचा नमुना आजच जाणार का?
४. सायटोलॉजीला पुरेसे, म्हणजे निदान अर्धा कप पाणी पाठवले आहे का?
५. रिपोर्टवरून नक्की कारण कळले नाही तर पुढची पायरी कोणती?

पाण्याचा रंग, किती काढले आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. जुने एक्स-रे फेकू नका. रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, याची चौकशी करा.

घरी सांभाळताना

लिव्हर किंवा हृदयामुळे पाणी होत असेल तर मीठ हे औषधाइतकेच महत्त्वाचे. दिवसभरात सगळे मिळून छोटा एक चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ. लोणचे, पापड, फरसाण, बाजारचे कबाब मसाले आणि कोकणातल्या घरांची आवडती सुकी मासळी, सुका बोंबील, सुकट यांत मीठ ठासून भरलेले असते. ती बंदच ठेवावीत. दुखण्यावरच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. सिरोसिसमध्ये त्या किडनीला मारक ठरतात. टीबीच्या रुग्णाला मात्र पोटभर सकस जेवण हवे: अंडी, डाळ, मटण, दूध. एकाच ‘पाण्या’साठी पथ्य वेगळे, ते का हे आता लक्षात आले असेल.

रमजानमध्ये असे रुग्ण हट्टाने रोजे धरतात. आजारी माणसाला कुरआनने स्वतः सवलत दिली आहे. बरे झाल्यावर कज़ा, किंवा बरे होण्याची आशा नसेल तर फिदिया, याबद्दल डॉक्टर आणि आलिम दोघांचा सल्ला घ्यावा.

इलाज करावा का असे लोकांनी विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इलाज करण्यास सांगितले, कारण अल्लाहने आजाराबरोबर त्याची शिफाही ठेवली आहे. पण शिफा ज्या आजाराची आहे तो आजार ओळखायला तर हवा. दुआ करावी, दम करवून घ्यावा, सदका द्यावा. आणि सुईतून आलेली ती पहिली बाटली प्रयोगशाळेत पोहोचली की नाही, हे घरातल्या कोणीतरी उठून पाहावे.